दोन अर्धीं पिंपें पीठ

इ. स. १८७५ च्या नोव्हेंबर महिन्याची ३० तारीख. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत एक एकोणचाळीस वर्षांचा शेतकरी सरकारी अंमलदारांपुढें उभा राहिला आणि आपणापाशीं निर्वाहाचें कसलेंही साधन उरलेलें नाहीं, अशा आशयाचा मजकूर त्यानें शपथेवर लिहून दिला. त्या कागदाच्या बदल्यांत त्याला पिठाचीं दोन अर्धीं पिंपें मिळालीं. त्यांची किंमत सवापांच डॉलर. घरीं बायको, तीन मुली आणि अद्याप महिन्याचाही न झालेला एक मुलगा अशीं पांच माणसें त्याची वाट पाहत होतीं. या गृहस्थाचें नांव चार्ल्स इंगल्स.

इंग्रजी बालवाङ्मयाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हें नांव नवीन वाटणार नाहीं. याच्या दुसऱ्या मुलीनें, म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर हिनें, आपल्या घराण्याच्या भ्रमंतीच्या कथा लिहिल्या. १९३२ सालीं तिचें पहिलें पुस्तक निघालें तेव्हां ती पासष्ट वर्षांची होती, आणि १९४३ पर्यंत अशीं आठ पुस्तकें झालीं. त्यांतील ‘पा’ म्हणजेच हा चार्ल्स. रात्रीं शेगडीपाशीं बसून फिडल वाजविणारा, स्वतःच्या हातानें घर बांधणारा आणि कोणापुढें हात न पसरणारा बाप म्हणून तो अमेरिकेच्या घराघरांत पोंचला. पिठाच्या त्या दोन पिंपांचा मात्र लॉराच्या पुस्तकांत कोठें उल्लेख नाहीं.

लॉरानें मुद्दाम खोटें लिहिलें असा आरोप करण्यासाठीं हें सांगत नाहीं. आपल्याकडेही गेल्या शतकांत पुष्कळ घराण्यांनीं आपापले कुलवृत्तान्त छापून काढले. त्यांत मूळ पुरुष सांपडतो, इनामें व पदव्या सांपडतात. पण कर्जापायीं रातोरात गांव सोडलेला चुलता त्यांत सहसा सांपडत नाहीं. इंगल्स घराण्याच्या बाबतींत सुदैव एवढेंच कीं, छापलेली कथा आणि दप्तरांतील कागद हीं दोन्ही आज उपलब्ध आहेत. शिवाय लॉरानें १९३० मध्यें प्रौढ वाचकांसाठीं म्हणून लिहिलेली आणि प्रकाशकांनीं त्या वेळीं नाकारलेली तिची मूळ आत्मकथा २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. या तिन्हींचा मेळ घालून पाहिलें म्हणजे ‘एकटें कुटुंब रानांत गेलें आणि आपल्या बळावर उभें राहिलें’ हें चित्र पुष्कळच बदलतें.

प्रथम हें कीं, तीं माणसें एकटीं निघालींच नव्हतीं. चार्ल्सचा जन्म न्यू यॉर्क राज्यांतील, १८३६ चा. त्याची पत्नी कॅरोलाइन क्वायनर ही विस्कॉन्सिनची, १८३९ ची. कॅरोलाइनचा बाप ती लहान असतांनाच मिशिगन सरोवरांत जहाज बुडून वारला. विधवा आई व भावंडें यांनीं अत्यंत हलाखीचे दिवस काढले. मोठी झाल्यावर ती शाळेंत शिकवूं लागली. इंगल्स आणि क्वायनर हीं शेजारचीं कुटुंबें, आणि त्यांच्यांत जे विवाह झाले ते पाहून आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींस कौतुक वाटेल. कॅरोलाइनच्या भावानें चार्ल्सची बहीण केली, चार्ल्सच्या भावास कॅरोलाइनची बहीण दिली, आणि १८६० सालीं चार्ल्स व कॅरोलाइन यांचें लग्न झालें. आपण ज्यास साटेंलोटें म्हणतों तें एका पिढींत तीन वेळां!

पुढें १८६३ त चार्ल्स आणि त्याचा मेहुणा यांनीं विस्कॉन्सिनमधील पेपिन गांवाजवळ लगत लगत जमीन घेतली. घरें दोन, पण सुगी, डुकराची कापणी, मेपलच्या झाडाची साखर काढणें, आजारपण, बाळंतपण हीं सर्व एकमेकांच्या आधारानें होत. मेरी (१८६५) व लॉरा (१८६७) या मुली येथें जन्मल्या. लॉराच्या पहिल्या पुस्तकांत जी ऊब आहे ती या आप्तांच्या गोतावळ्याची आहे. आजा, आजी, काका, आत्या व चुलतभावंडें यांनीं तें पुस्तक भरलेलें आहे. त्यापुढील पुस्तकांत हीं माणसें एकेक करून गळत जातात.

येथून निघण्याचें कारण काय? घरांत खाण्यास नव्हतें असें नाहीं. चार्ल्सचा पाय एके ठिकाणीं ठरत नसे, आणि त्या काळीं सारें अमेरिकन राष्ट्रच पश्चिमेकडे तोंड करून उभें होतें. १८६२ च्या मे महिन्यांत अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेड कायद्यावर सही केली होती. थोडी फी भरावी, १६० एकर सरकारी जमिनीवर पांच वर्षें राहून ती कसावी, कीं ती आपली झाली, असें त्याचें सामान्य स्वरूप. अविवाहित स्त्री अथवा विधवा यांसही हा हक्क होता, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें लहान नव्हे. या कायद्याखालीं एकंदर सुमारे सोळा लक्ष लोकांस सत्तावीस कोटि एकर जमीन मिळाली. ती जमीन सरकारपाशीं कोठून आली हा प्रश्न मात्र गाडीत सामान भरणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं विचारला असेल.

तो प्रश्न १८६९ मध्यें इंगल्स कुटुंबाच्या दारांतच उभा राहिला. विस्कॉन्सिनचें शेत हप्त्यानें विकून, मिसूरींतून, कापडी छपराच्या गाडीनें तीं कॅन्सस राज्यांत इंडिपेंडन्स गांवाजवळच्या गवताळ प्रदेशांत आलीं. चार्ल्सनें ओंडके तोडून तेथें घर बांधलें. ही जमीन सरकारनें वसाहतीस खुली केलेली नव्हती. होमस्टेड कायदा तेथें लागू नव्हता. ती ओसेज नांवाच्या मूळच्या लोकांची राखीव भूमि होती. १८७० च्या खानेसुमारींत नोंद करणाऱ्या कारकुनानेंच लिहून ठेवलें आहे कीं जमीन ओसेज लोकांची असून वसाहतवाल्यांचा तिच्यावर मालकीहक्क नाहीं.

लॉराच्या पुस्तकांत ओसेज पुरुष घरांत शिरतात, कॅरोलाइनकडून भाकरी करवून घेतात, तंबाखू उचलून नेतात. मुली भीतीनें फळीआड दडतात. मुलींची भीति खरी होती यांत शंका नाहीं. पण ज्याच्या जमिनीवर, ज्याच्या ओढ्यांतलें पाणी पिऊन आणि ज्याच्या झाडांचे ओंडके तोडून कोणी घर बांधलें, त्यानें येऊन दोन भाकरी मागितल्या तर त्यास दरोडा म्हणावें कीं खंड? आमच्या मतें खंड म्हणणेंच अधिक न्यायाचें होईल. त्याच वर्षीं, १८७० च्या जुलै महिन्यांत, अमेरिकन विधिमंडळानें ती भूमि विकण्याचा कायदा केला, आणि ओसेज लोकांस तेथून दक्षिणेकडे, हल्लींच्या ओक्लाहोमा राज्यांतील प्रदेशांत जावें लागलें. वसाहतवाल्यांस एकरीं सव्वा डॉलरप्रमाणें जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली. सरकारी सैनिक हांकून देतील या धास्तीनें आपण निघालों असें लॉरा सांगते. कागदांवरून दिसतें तें असें कीं विस्कॉन्सिनचा खरेदीदार हप्ते फेडूं शकला नाहीं, शेत परत अंगावर आलें, आणि १८७१ त तीं माघारीं फिरलीं. तोंवर कॅन्ससमध्यें तिसरी मुलगी कॅरी जन्मली होती.

तेथील एक आठवण मात्र आनंदानें सांगण्याजोगी आहे. कुटुंबांतील सर्वच जण एकदम हिंवतापानें आडवीं पडलीं, पाणी देण्यासही कोणी उठेना, तेव्हां त्यांची शुश्रूषा केली ती डॉक्टर जॉर्ज टॅन या नीग्रो गृहस्थानें. खानेसुमारींत त्याचें घर इंगल्सच्या शेजारींच नोंदलेलें आहे. गुलामगिरी कायद्यानें बंद होऊन अवघीं पांच वर्षें झालीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या शेजाराचें मोल कळतें.

आतां त्या पिठाकडे वळूं. १८७४ त चार्ल्सनें पुन्हां गाडी जुंपली आणि मिनेसोटांतील वॉलनट ग्रोव्ह येथें प्लम ओढ्याच्या कांठीं जमीन घेतली. सुरुवातीस राहण्यास घर होतें तें ओढ्याच्या दरडींत कोरलेलें. वरून गवत उगवलेलें, आंत मातीच्या भिंती. गव्हाचें पीक आल्यावर कर्ज फेडूं या भरंवशावर त्यानें पुढें लांकडाचें घर उभारलें. गहूं उत्तम आला. आणि मग टोळ आले.

‘टोळधाड’ हा शब्द आपल्या भाषेंत आहे, परंतु रॉकी पर्वतांतील टोळांचें त्या दशकांतील संकट ज्या प्रमाणावर होतें त्याची कल्पना करणें कठीण आहे. १८७३ पासून १८७७ पर्यंत हे थवे पुनः पुनः आले. १८७५ सालीं नेब्रास्कांत एका निरीक्षकानें तारायंत्रानें ठिकठिकाणची माहिती जमवून एका थव्याचा विस्तार १,९८,००० चौरस मैल असावा असा अंदाज केला. हे टोळ गहूं खाऊन जात एवढेंच नव्हे. ते जमिनींत अंडीं घालून जात, त्यामुळें यंदाचें पीक गेलें तेव्हांच पुढल्या वर्षाचेंही गेल्यासारखें असे. चार्ल्स पायीं पूर्वेकडे दूरवर चालत गेला आणि परक्यांच्या शेतांत कापणीची मजुरी करून पैसे पाठवूं लागला. लॉरानें हें सर्व लिहिलें आहे, आणि फार उत्तम लिहिलें आहे. तिनें लिहिलें नाहीं तें शपथपत्र. सरकारची मदत हवी असेल तर आपण निष्कांचन आहों हें आधीं शपथेवर सांगावें लागे. ज्याच्या घरीं त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेस पहिला मुलगा जन्मला होता, त्या बापास तो कागद लिहून देतांना काय वाटलें असेल तें निराळें सांगावयास नको.

या टोळांची एक विलक्षण हकीकत जातां जातां सांगावीशी वाटते. ज्यांनीं आकाश झांकून टाकलें ते टोळ पुढें पंचवीस-तीस वर्षांत पृथ्वीवरून नाहींसे झाले. १९०२ नंतर तो टोळ जिवंत कोणास आढळलेला नाहीं. पर्वतांतील ज्या नदीखोऱ्यांत त्यांचीं अंडीं टिकून राहत तीच खोरीं वसाहतवाल्यांनीं नांगरलीं, म्हणून ती जात संपली, असें एका कीटकशास्त्रज्ञाचें मत आहे.

१८७६ त कुटुंबानें हार मानली. तीं पूर्वेकडे परतलीं आणि उन्हाळा चार्ल्सचा भाऊ पीटर याच्या घरीं काढला. हा पीटर म्हणजे कॅरोलाइनच्या बहिणीचा नवरा, तेव्हां हें घर दोन्ही नात्यांनीं आपलें. स्वावलंबनाच्या कथेंतून नेमकें हेंच घर गळलेलें आहे. तेथें ऑगस्टच्या २७ तारखेस लहानगा फ्रेडी वारला. त्यास दहा महिनेही पुरे झाले नव्हते. मग तीं आयोवांतील बर ओक या गांवीं गेलीं. तेथें मिळालें काम तें एका खाणावळवजा हॉटेलांत. नऊ-दहा वर्षांची लॉरा आणि तिची बहीण मेरी पानें वाढीत व भांडीं विसळीत. गांवांतील डॉक्टरांच्या पत्नीचीं मुलें मोठीं होऊन गेलेलीं होतीं. तिनें कॅरोलाइनकडे येऊन लॉरास दत्तक मागितलें. कॅरोलाइननें सौम्यपणें नकार दिला. आईच्या उत्तराची वाट पाहतांना आपणांस केवढी भीति वाटली होती, हें लॉरानें साठीनंतर लिहून ठेवलें. येथेंच १८७७ त धाकटी ग्रेस जन्मली. त्याच वर्षीं भाडें व देणीं थकलेलीं असतां, घरमालक घोडे अडकवून ठेवील या भयानें, चार्ल्सनें मध्यरात्रीं मुलांस उठवून गाडींत बसविलें आणि गांव सोडलें.

हीं दोन वर्षें लॉराच्या पुस्तकांत नाहींत. फ्रेडी त्यांत जन्मतही नाहीं, मरतही नाहीं. प्लम ओढ्याचें पुस्तक संपतें आणि पुढील पुस्तक उघडतें तों घरांत ग्रेस आहे व मेरी आंधळी झालेली आहे. १९३७ सालीं डिट्रॉइट येथें केलेल्या भाषणांत लॉरानें स्वतःच मान्य केलें होतें कीं, आपण सांगितलें तें खरें, पण सगळें खरें सांगितलेलें नाहीं. मुलांच्या पुस्तकांत लेकराचें मरण व बापाचें पळून जाणें नको वाटलें, तर त्यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु या पुस्तकांच्या लेखनांत मोठा हात असलेली तिची मुलगी रोझ ही सरकारी मदतीची कट्टर विरोधक होती, आणि १९३० नंतरच्या मंदींत ‘आमचे पूर्वज कोणाकडे मागावयास गेले नाहींत’ या बोलण्यास अमेरिकेंत फार किंमत आली होती. ती किंमत ज्या कथेस मिळाली तिच्यांतून पिठाचीं पिंपें काढून टाकलेलीं होतीं, हें लक्षांत ठेवलें पाहिजे.

मेरीची दृष्टि १८७९ त गेली. पुस्तकांत लोहितज्वरानें गेली असें आहे. २०१३ मध्यें डॉक्टरांनीं जुनीं पत्रें व वृत्तपत्रें तपासून मेंदू व त्याचें आवरण यांचा विषाणुजन्य दाह हें कारण अधिक संभवनीय ठरविलें. त्याच वर्षीं चार्ल्सच्या बहिणीनें रेल्वेच्या कामावर नोकरीची वर्दी आणली, पुन्हां नातेंच कामास आलें, आणि कुटुंब डाकोटा प्रदेशांत गेलें. तेथें डी स्मेट गांवाजवळ अखेर होमस्टेडची जमीन मिळाली. १८८०-८१ चा तेथील हिंवाळा प्रसिद्ध आहे. हिमवादळांनीं आगगाड्या महिनेच्या महिने बंद पडल्या. लोक गवताचे पीळ करून जाळीत आणि कॉफीच्या चक्कींत गहूं दळून त्याची भाकरी करीत. त्या हिंवाळ्यांत इंगल्सच्या घरांत एक तरुण जोडपें आपल्या तान्ह्या बाळासह राहत होतें. पुस्तकांत तींही नाहींत. घरांत आपलीं सहा माणसें, एवढेंच चित्र तेथें आहे.

मेरीस आयोवांतील व्हिंटन येथील अंधशाळेंत पाठविलें. तिची फी डाकोटाच्या सरकारनें दिली; प्रवास, कपडे व इतर खर्च घरानें सोसला. त्यासाठीं लॉरानें सोळा-सतरा वर्षांच्या वयांत शाळा शिकविल्या, शिवणकाम केलें. मेरी १८८९ त पदवी घेऊन घरीं परतली. ‘पराया धन’ म्हणून मुलीच्या शिक्षणास आखडता हात घेणारीं घरें आपण पाहिलीं आहेत. येथें कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यानें व त्याच्या धाकट्या मुलीनें आंधळ्या मुलीस सात-आठ वर्षें शिकविलें, ही गोष्ट आम्हांस त्या फिडलपेक्षां अधिक मोलाची वाटते.

१८८५ त लॉराचें लग्न अल्मान्झो वाइल्डर याच्याशीं झालें. त्यानंतरच्या चार वर्षांत घटसर्प, नवऱ्याचा पक्षाघात, दुष्काळ, तान्ह्या मुलाचा मृत्यु आणि घराची आग. अखेर १८९४ च्या जुलैंत नवरा-बायको व सात वर्षांची रोझ सामान घेऊन मिसूरींतील मॅन्सफील्डकडे निघालीं. प्रवासास सुमारें सहा आठवडे लागले. निघण्यापूर्वीं माहेरीं शेवटचें जेवण झालें. त्यानंतर लॉरानें बापास पाहिलें तें एकदांच, १९०२ सालीं, तो मृत्युशय्येवर असतां. आईस त्या वर्षानंतर तिनें पुन्हां कधीं पाहिलें नाहीं. कॅरोलाइन १९२४ त वारली, मेरी १९२८ त. दोन्ही वेळां लॉरा गेली नाहीं. आगगाडी होती, पण पैसा, अंतर आणि शेत हीं आड आलीं. माहेरपणाची चाल असलेल्या घरांतील लेकींस हें वाचून काय वाटेल तें त्यांनींच सांगावें. बावीस वर्षें माय-लेकींची भेट नाहीं, आणि दोघी एकाच देशांत.

आई गेल्यानंतर वर्षभरानें लॉरानें आपल्या मावशीस, मार्था हिला, पत्र लिहिलें. आई लहान असतांना घर कसें होतें, कोणते पदार्थ करीत, ते कसे करीत, हें तिनें विचारलें. मावशीनें लांबलचक उत्तरें धाडलीं. पुस्तकांचा उगम पुष्कळ अंशीं या पत्रांत आहे. जिला भेटावयास जातां आलें नाहीं तिच्याविषयीं तिच्या बहिणीला विचारून घेतलें.

या पुस्तकांवर पुढें पुष्कळ वाद झाले. कॅन्ससच्या पुस्तकांत त्या प्रदेशांत माणसें नव्हतीं, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचें एक वाक्य होतें. १९५२ त एका वाचकानें त्यावर हरकत घेतली. लॉरा स्वतः खजील झाली आणि १९५३ च्या आवृत्तींत ‘माणसें’ या शब्दाच्या जागीं ‘वसाहतवाले’ असा शब्द आला. लॉरा १९५७ त, नव्वद वर्षें पुरीं होऊन तीन दिवस झाल्यावर वारली. २०१८ मध्यें अमेरिकन ग्रंथपालांच्या संस्थेनें बालवाङ्मयाच्या पारितोषिकास असलेलें तिचें नांव काढून टाकलें.

चार्ल्स व कॅरोलाइन यांच्या वंशाविषयीं सांगावयाचें तर मेरीचें लग्न झालें नाहीं. कॅरी व ग्रेस यांस मूल झालें नाहीं. रोझ १९६८ त वारली आणि तिच्यामागें कोणी नव्हतें. डी स्मेटजवळच्या शेतावर चार्ल्सनें बायको व चार मुली यांच्यासाठीं एकेक अशीं पांच कॉटनवुडचीं झाडें लावलीं होतीं. प्रवासी तेथें तीं पाहावयास जातात. फ्रेडीस पुरलें ती जागा नक्की कोठें आहे, हें कोणास ठाऊक नाहीं.